तबकडीची दुसरी बाजू

मंडळी, आपल्या स्मरणिकेत दरवर्षी कुणी ना कुणी आयर्लंडच्या इतिहासावर लिहितंच. बटाट्याचा दुष्काळ, १९१६ चा उठाव, टिळकांची होमरूल चळवळ आणि तिचं आयरिश नातं, हे सगळं आपण वाचलेलं आहे. यंदा मी जरा वेगळा इतिहास सांगणार आहे. हा इतिहास सात इंच व्यासाचा आहे आणि तो मिनिटाला ४५ वेळा गोल फिरतो!

सुरुवात आमच्या सिटीवेस्टच्या घरातच झाली. लेक गेली तीन वर्षं गिटार शिकते आहे. मागच्या हिवाळ्यात तिने एकच सुरावट धरली. सकाळी तीच, संध्याकाळी तीच, कुकरची शिट्टी होतानाही तीच. मी शेवटी वैतागून म्हटलं, "अगं, दुसरं काही शिकवत नाहीत का तुला?" तर म्हणते, "आई, हे 'व्हिस्की इन द जार' आहे. आणि खरं म्हणजे हे गाणं तबकडीच्या मागच्या बाजूला जाणार होतं, माहितीये?"

मला ते माहीत नव्हतं. पण आमच्या शेजारच्या आजोबांना माहीत होतं. हे गृहस्थ क्रमलिनमध्ये वाढलेले. वय सत्तरीच्या पुढे, बोलण्यात अस्सल डब्लिनी ठसका. त्यांच्या कानावर भिंतीपलीकडून ती सुरावट रोज पडत होती. तक्रार करतील म्हणून मी आधीच दिलगिरी व्यक्त करायला गेले, तर त्यांनी मलाच आत बोलावलं, चहा टाकला आणि कपाटातून दोन जुन्या तबकड्या काढून टेबलावर ठेवल्या. दोन्ही एकच. थिन लिझी या बँडची, १९७२ सालची. "एक माझ्या बहिणीची, एक माझी," ते म्हणाले. "उजेडात धरून बघ."

मी बघितलं. बहिणीच्या तबकडीची 'व्हिस्की'ची बाजू सुईने घासून घासून राखाडी झाली होती आणि मागची बाजू नवीकोरी, काळीभोर चमकत होती. आजोबांच्या तबकडीचं बरोबर उलटं. पन्नास वर्षांपूर्वीच्या दोन चाहत्यांची मतं त्या चऱ्यांमध्ये अशी कोरलेली होती. एका घरात राहणारी भावंडं, पण एकमत नाही!

नव्या पिढीसाठी थोडं सांगायला हवं. सिंगल म्हणजे दोन गाण्यांची छोटी तबकडी. जे गाणं चालावं असं कंपनीला वाटतं ते ए-साईडला, रेडिओवाल्यांनी तेच वाजवायचं. मागची बाजू रिकामी ठेवता येत नाही म्हणून तिथे काहीतरी टाकायचं, ती बी-साईड. आपल्याकडे १९०२ साली गौहर जानच्या आवाजातल्या पहिल्या तबकड्या निघाल्या, तेव्हा त्या एकाच बाजूने वाजायच्या. पुढे दोन्ही बाजूंना गाणी आली. जी. एन. जोशींच्या 'शीळ'ने १९३० च्या दशकात मराठी भावगीत घराघरांत नेलं ते अशाच तबकड्यांवरून. आमच्या आजोळी चावीचा फोनो होता. त्यावर एक बाजू संपली की आजी तबकडी उलटायची आणि दोन्ही बाजू सारख्याच भक्तिभावाने ऐकायची. विकत घेतलंय ना, मग ऐकायलाच हवं, हा हिशोब! इकडे मात्र मागची बाजू ही मागचीच. आणि तिथेच गंमत सुरू होते, कारण कंपनीचं लक्ष नसलेल्या त्या जागेत कलावंत मनातलं बोलून जायचे.

आता थिन लिझीविषयी. १९६९ च्या अखेरीस डब्लिनमध्ये हा बँड उभा राहिला. 'डँडी' नावाच्या मुलांच्या चित्रकथांच्या साप्ताहिकात टिन लिझी नावाची एक यंत्रमानव बाई होती, तिच्यावरून हे नाव घेतलं आणि मुद्दाम त्यात 'ह' घातला. का, तर डब्लिनकर 'थ'चा उच्चार 'ट' करतात, म्हणजे शेवटी सगळे टिन लिझीच म्हणणार! (आपण इथे आल्यावर 'थर्टी थ्री'चं 'टर्टी ट्री' ऐकून कसे गोंधळलो होतो, आठवतं ना?) गिटारवर बेलफास्टचा एरिक बेल, ड्रम्सवर क्रमलिनचा ब्रायन डाउनी आणि बेस गिटार व गाणं फिल लायनॉट.

फिल लायनॉटचा जन्म २० ऑगस्ट १९४९ चा, इंग्लंडमधल्या वेस्ट ब्रॉमविच गावचा. आई फिलोमेना डब्लिनची, वडील त्या वेळच्या ब्रिटिश गयानामधून आलेले कृष्णवर्णीय. (हेच ते गयाना, जिथे इंग्रजांनी भारतातून हजारो गिरमिटिये मजूर उसाच्या मळ्यांवर नेले होते.) आईवडिलांचं लग्न झालं नाही. १९४९ साली एका अविवाहित आयरिश मुलीने सावळं मूल कडेवर घेऊन फिरणं म्हणजे काय असेल, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. मुलगा लहान असतानाच तिने त्याला डब्लिनला आपल्या आईकडे पाठवलं. सारा हे आजीचं नाव. या आजीने त्याला क्रमलिनच्या घरात वाढवलं. तेव्हाच्या डब्लिनमध्ये काळ्या रंगाचा मुलगा शोधूनही सापडायचा नाही. पण बोलणं, चालणं, विनोद, सगळं क्रमलिनचं. आजोबा म्हणाले, "लांबून दिसायचा परका, तोंड उघडलं की आमच्याच गल्लीतला."

क्रमलिन आपल्यापासून फार दूर नाही. आपली लुआस सॅगर्टहून निघाली की फॉर्च्युन्सटाऊन, टॅला परिसर मागे टाकत शहराकडे जाते आणि वाटेत क्रमलिनच्या शेजारून जाते. १९३० च्या दशकात डब्लिन महापालिकेने शहरातल्या दाटीवाटीच्या खोल्यांमधून उठवलेल्या कुटुंबांसाठी ती वसाहत उभारली. १९७० नंतर टॅला वाढलं. नव्वदच्या दशकात सिटीवेस्टचं बिझनेस कॅम्पस आलं आणि २०११ साली लुआस इथवर पोचली. म्हणजे या रस्त्यावर राहणारा जवळजवळ प्रत्येकजण एक-दोन पिढ्यांपूर्वी कुठून तरी उठून आलेला आहे. आपण फक्त थोडे जास्त लांबून आलो.

तर १९७२. बँड लंडनला गेला होता, डेक्का कंपनीसाठी दोन अल्बम झाले होते आणि दोन्ही विशेष खपले नव्हते. सिंगल काढायचं ठरलं. पुढच्या बाजूचं गाणं लायनॉटने लिहिलेलं होतं, 'ब्लॅक बॉईज ऑन द कॉर्नर'. नावातच विषय आहे, कोपऱ्यावर उभी असलेली काळी मुलं. जोरकस, दणदणीत गाणं. मागच्या बाजूला काय टाकायचं याचा पत्ता नव्हता. सरावाच्या वेळी कंटाळा घालवायला लायनॉटने दुसरी गिटार उचलली आणि जुनी आयरिश लोकगीतं गमतीत म्हणू लागला. त्यात 'व्हिस्की इन द जार' आलं. नेमका तेव्हाच मॅनेजर टेड कॅरल आत आला आणि म्हणाला, बी-साईडला हेच टाका की!

हे लोकगीत फार जुनं. कॉर्क आणि केरीच्या डोंगरात एक वाटमाऱ्या इंग्रज सरकारच्या कॅप्टनला लुटतो आणि प्रेयसीच दगा देऊन त्याला पकडून देते, अशी गोष्ट. आपल्याकडे उमाजी नाईकांचे पोवाडे जसे गायले गेले, तशातलाच प्रकार. सरकारदरबारी दरोडेखोर, लोकांच्या तोंडी नायक. डब्लिनर्स या मंडळींनी १९६७ साली ते बँजोवर वाजवून घरोघरी पोचवलं होतं. एरिक बेलने आता त्याच्या सुरुवातीला इलेक्ट्रिक गिटारची एक नवीच सुरावट बांधली. हीच ती, माझ्या कुकरच्या शिट्टीबरोबर वाजणारी.

रेकॉर्डिंग ऐकून कंपनीने बाजूच बदलल्या. लोकगीत पुढे, 'ब्लॅक बॉईज' मागे. बँडचं म्हणणं होतं की हे गाणं म्हणजे आम्ही नव्हे. पण नवख्या पोरांचं कोण ऐकतो? ३ नोव्हेंबर १९७२ ला तबकडी बाजारात आली. १९७३ उजाडल्यावर ती आयर्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर आणि ब्रिटनमध्ये सहाव्या क्रमांकावर पोचली. 'टॉप ऑफ द पॉप्स'मध्ये क्रमलिनचा लायनॉट टीव्हीवर दिसला.

आणि वाद सुरू झाले. आजोबा सांगतात, त्यांच्या घरात तीन तट होते. वडील म्हणायचे, "चांगल्या गाण्याची वाट लावली, आता कीर्तनालाही विजेची गिटार घ्या." (कीर्तन हा शब्द माझा, भाव त्यांचा!) बहीण म्हणायची, आपलं गाणं सगळ्या इंग्लंडने ऐकलं, अजून काय पाहिजे? आणि आजोबा नि त्यांचे मित्र तबकडी उलटून म्हणायचे, खरा बँड इकडे आहे.

"मग बरोबर कोण होतं?" मी विचारलं. ते हसले. "तिघंही. माझे वडील बरोबर होते, कारण लोक आता बेलची सुरावट म्हणजेच मूळ गाणं समजतात. बहीण बरोबर होती, कारण मेटालिकाने गायलं तेही आमच्याकडूनच ऐकून." हे खरं आहे. मेटालिका या अमेरिकन बँडने १९९८ साली थिन लिझीची मांडणी घेऊन हे गाणं केलं आणि २००० साली त्यांना त्यासाठी ग्रॅमी मिळालं. "आणि तुम्ही?" "मी बरोबर होतो, कारण पुढे काय झालं ते बघ."

पुढे असं झालं की कंपनीला तसंच दुसरं गाणं हवं होतं आणि प्रेक्षकांनाही. कार्यक्रमाला लोक यायचे ते 'व्हिस्की' ऐकायला, आणि समोर वाजायचा रॉक. १९७३ मधल्या पुढच्या दोन्ही सिंगल्स ब्रिटनमध्ये चालल्या नाहीत. त्याच वर्षाच्या शेवटच्या रात्री बेलफास्टमध्ये एरिक बेल भर कार्यक्रमात बँड सोडून गेला. ब्रिटनमध्ये पुन्हा मोठं यश मिळायला १९७६ साल उजाडावं लागलं, तेव्हा 'द बॉईज आर बॅक इन टाऊन' आलं. जे यश मिळालं, ते दुसऱ्याच कुणाच्या चेहऱ्याचं होतं; आपल्या चेहऱ्याने उभं राहायला आणखी तीन वर्षं लागली.

एक व्यावहारिक गोष्ट मात्र सांगायला हवी. तबकडी विकली की दोन्ही बाजूंच्या गीतकारांना सारखाच वाटा मिळतो, कारण ग्राहक अर्धी तबकडी विकत घेत नाही. म्हणजे 'व्हिस्की'साठी दुकानात गेलेल्या प्रत्येकाने नकळत 'ब्लॅक बॉईज'ही घरी नेलं. ऐकलं नसेल, पण कपाटात होतं.

मला खरा धक्का पुढच्या तबकडीने दिला. १९७५ साली थिन लिझीने 'रोझली' हे बॉब सीगर या अमेरिकन गायकाचं गाणं सिंगल म्हणून काढलं. त्याच्या मागे काय होतं? 'हाफ-कास्ट' नावाचं लायनॉटचं गाणं. हा मिश्र वंशाच्या माणसाला हिणवायचा शब्द, तोच त्याने शीर्षक म्हणून घेतला, आणि रेगेच्या ठेक्यावर, हसतखेळत, दोन्हीकडे परका ठरणाऱ्या माणसाची गोष्ट सांगितली. म्हणजे पुढच्या बाजूला एकदा आयरिश लोकगीत, एकदा अमेरिकन गाणं. आणि 'मी काळा आहे, मला काय वाटतं' हे दोन्ही वेळा मागच्या बाजूला. १९८० साली 'सोलो इन सोहो' या स्वतःच्या नावाच्या अल्बममध्ये त्याने 'ओड टू अ ब्लॅक मॅन' हे गाणं घेतलं. ४ जानेवारी १९८६ ला तो गेला. वय अवघं ३६, व्यसनांनी शरीर पोखरलेलं.

आता दुसरी डब्लिनी गोष्ट, कारण तिथे बाजू कंपनीने नव्हे, चाहत्यांनी निवडली. १९७६ साली माउंट टेम्पल शाळेतल्या मुलांनी एक बँड काढला. तोच पुढे यू-टू झाला, ज्यांना ऐकायला १५ डिसेंबर २०१९ ला आपल्या नवी मुंबईतलं डी. वाय. पाटील स्टेडियम भरलं होतं. १९७९ साली ही सतरा ते एकोणीस वयाची पोरं होती. त्यांची तीन गाणी रेकॉर्ड झाली होती, पण पुढे कोणतं टाकायचं ठरेना. तेव्हा नुकत्याच सुरू झालेल्या आरटीई रेडिओ टूवर डेव्ह फॅनिंग रात्री कार्यक्रम करायचा. त्याने तिन्ही गाणी वाजवली आणि श्रोत्यांनाच कौल विचारला. श्रोत्यांनी 'आऊट ऑफ कंट्रोल' निवडलं. 'स्टोरीज फॉर बॉईज' आणि 'बॉय/गर्ल' मागे गेली. सप्टेंबर १९७९ मध्ये 'थ्री' या नावाने ही तबकडी फक्त आयर्लंडमध्ये निघाली. बारा इंचीच्या १००० प्रती, प्रत्येकीवर हाताने क्रमांक घातलेला.

चाहत्यांचा हा कौल किती पक्का होता? पुढल्या वर्षी यू-टूच्या पहिल्या अल्बममध्ये 'आऊट ऑफ कंट्रोल' आलं, 'स्टोरीज फॉर बॉईज'ही आलं. 'बॉय/गर्ल' तेवढं बाहेर राहिलं. आणि गंमत म्हणजे या 'आयर्लंडच्या बँड'मधला ॲडम क्लेटन जन्मला इंग्लंडमध्ये, आणि एजही इंग्लंडमध्ये, वेल्श आईवडिलांच्या पोटी. चौघांतले दोघे बाहेरून आलेल्यांची मुलं! त्यांना कुणी विचारलं नाही की तुम्ही मूळचे कुठले, कारण ते दिसत नव्हतं.

मागच्या बाजूला टाकलेलं सगळं तिथेच राहतं असंही नाही. १९८७ साली यू-टूच्या एका सिंगलमागे 'स्वीटेस्ट थिंग' नावाचं गाणं होतं. बायकोच्या वाढदिवसालाही काम करत बसल्याबद्दल बोनोने मागितलेली ही माफी! चाहत्यांनी ते जपलं आणि अकरा वर्षांनी, १९९८ साली, ते नव्याने रेकॉर्ड होऊन पुढच्या बाजूला आलं. आयर्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. पण त्यासाठी बँड तोपर्यंत जगप्रसिद्ध झालेला असावा लागला, हेही खरं.

हे सगळं मी आता का लिहिते आहे? २०२५ चा उन्हाळा आपण कुणी विसरलेलो नाही. जुलैमध्ये टॅला इथे एका भारतीय माणसावर हल्ला झाला. ऑगस्टच्या पहिल्या तारखेला भारतीय दूतावासाने काळजी घेण्याची सूचना काढली. फार्मलीचा इंडिया डे पुढे ढकलला गेला. ऑक्टोबरमध्ये सिटीवेस्टच्या हॉटेलसमोर दोन रात्री दंगल झाली, पोलिसांची गाडी जळाली आणि आपण पडदे लावून हेलिकॉप्टरचा आवाज ऐकत बसलो. हेही तितकंच खरं की जुलैतल्या हल्ल्यानंतर टॅलामधले लोक आपल्या बाजूने रस्त्यावर उतरले होते.

त्या दिवसांत आम्हा आयांच्या तोंडी एकच वाक्य होतं. "लुआसमध्ये मराठीत मोठ्याने बोलू नकोस गं." मीही लेकीला सांगितलं. ती इथे जन्मलेली, बोलणं आजोबांसारखंच टॅलाच्या ठसक्याचं. ती शांतपणे म्हणाली, "म्हणजे मी फक्त ए-साईड वाजवू?"

मला उत्तर सुचलं नाही. शाळेच्या कार्यक्रमात, ऑफिसात, शेजाऱ्यांत आपण सगळेच चांगली वाजणारी बाजू पुढे ठेवतो. त्यात खोटं काही नाही. लायनॉटने 'व्हिस्की' काही खोटेपणाने गायलं नव्हतं. ते लोकगीत त्याचंही होतं, आजीच्या क्रमलिनचं होतं. चूक एवढीच की मागचीही तितकीच त्याची होती आणि ती उलटून बघायची फार थोड्यांनी तसदी घेतली. उलटं आपल्याकडेही होतं. मंडळाच्या कार्यक्रमात आपण मुलांना पोवाडा, लावणी पुढे करायला लावतो आणि त्यांच्या हातातली आयरिश सुरावट मागच्या बाजूला ढकलतो. मग कंपनीत आणि आपल्यात फरक काय?

मार्चमध्ये आम्ही दोघी लुआसने शहरात गेलो. ग्राफ्टन स्ट्रीटच्या बाजूला हॅरी स्ट्रीटवर लायनॉटचा ब्राँझचा पुतळा आहे. १९ ऑगस्ट २००५ ला त्याच्या आईच्या उपस्थितीत त्याचं अनावरण झालं होतं. खऱ्या माणसाएवढाच उंच, हात लावता येतो असा. रस्त्याच्या कोपऱ्याशी उभा. 'ब्लॅक बॉईज ऑन द कॉर्नर' हे नाव आठवून मला भरून आलं. लेकीने पुतळ्याच्या हाताला हात लावला आणि मला मराठीत, चांगलं मोठ्याने, विचारलं, "आई, भूक लागली, काय खायचं?" मीही मोठ्यानेच उत्तर दिलं. कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही.

आता भिंतीपलीकडे दुसरी सुरावट जाते आहे. 'ब्लॅक बॉईज'ची. अवघड आहे, अजून बसलेली नाही. परवा आजोबा दारात आले. मला वाटलं आता मात्र तक्रार. पण ते लेकीला म्हणाले, "तिसऱ्या ओळीला चुकतेस. माझ्याकडे येऊन नीट ऐक. तबकडी मात्र देणार नाही हं, ती घासलेली आहे, तिला माझीच सुई लागते."

दर शनिवारी ती आता तिकडे जाते. जाताना मी डब्यात चकल्या देते. आजोबांचं मत आहे की त्या बटाट्याच्या चिप्सपेक्षा चांगल्या असतात. निदान या एका बाबतीत दोन्ही घरांत एकमत आहे.